एका ठिपक्याची साक्ष

लोकांनी टिपलेल्या निसर्गनोंदी नकाशावर आणणाऱ्या ॲपचा आढावा

रानपिंगळा हे मध्य भारतातल्या पानगळीच्या जंगलात राहणारे छोटे घुबड. १८८४ नंतर ते कुणालाही खात्रीने दिसले नव्हते. संग्रहालयांत त्याचे मोजके नमुने उरले होते आणि त्यांतल्या एकाच्या चिठ्ठीवर लिहिले होते : मांडवी, गुजरात, १९१४. हा नमुना रिचर्ड माइनर्ट्‌झहागन या ब्रिटिश कर्नलने संग्रहालयाला दिला होता. १९९०च्या दशकात पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षिशास्त्रज्ञांनी तो नमुना बारकाईने तपासला, तेव्हा चिठ्ठीच खोटी असल्याचे त्यांच्या लक्षात आले. पक्षी मुळात जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशात मिळवलेला होता. माइनर्ट्‌झहागनने तो चोरला, उसवून पुन्हा भरला आणि त्याला नवे गाव व नवे साल चिकटवले.

रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी मांडवीची नोंद बाजूला ठेवली आणि जुन्या अस्सल नोंदींच्या मागावर ते निघाले. नोव्हेंबर १९९७ मध्ये आजच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ एका निष्पर्ण झाडावर त्यांना रानपिंगळा दिसला. तब्बल ११३ वर्षांनी.

एका चिठ्ठीवरचे एक गाव चुकले, तर पक्षी कुठे शोधायचा हेच चुकते. आज अशा चिठ्ठ्या रोज लाखोंनी लिहिल्या जातात, त्याही मोबाइलवर. पक्षी, फुलपाखरू, शेवाळ, साप, रस्त्यावर चिरडलेले मुंगूस असे काहीही दिसले की छायाचित्र काढायचे, बटण दाबायचे, नकाशावर ठिपका उमटतो. महाराष्ट्रातले निसर्गमंडळ, महाविद्यालय किंवा एखादी ग्रामपंचायत आपल्या परिसराचा असा नकाशा करू पाहते, तेव्हा पहिली चर्चा बहुधा नकाशा दिसेल कसा यावर होते. तो टिकेल की नाही, हे मात्र प्रत्येक ठिपका किती खरी साक्ष देतो यावर ठरते. या क्षेत्रातल्या गेल्या पंचवीस वर्षांच्या अनुभवाचे सार तेच आहे.

वहीपासून मोबाइलपर्यंत

लोकांनी निसर्ग मोजण्याची रीत संगणकाहून जुनी आहे. १९०० सालच्या नाताळात उत्तर अमेरिकेत फ्रँक चॅपमन यांच्या पुढाकाराने २७ जणांनी पक्षी मोजले. ती गणना आजही दरवर्षी होते. ब्रिटनमध्ये शेकडो हौशी वनस्पतिप्रेमींच्या नोंदींवर उभा राहिलेला वनस्पतींचा ॲटलास १९६२ मध्ये निघाला. देशाचे दहा-दहा किलोमीटरचे चौकोन पाडायचे आणि जिथे वनस्पती सापडली त्या चौकोनात एक ठिपका द्यायचा, अशी त्याची रचना होती. आजच्या प्रत्येक जैवविविधता नकाशाचा तो पूर्वज म्हणता येईल.

२००२ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेने आणि ऑडुबन सोसायटीने ‘ई-बर्ड’ सुरू केले. २००८ मध्ये बर्कली विद्यापीठातल्या तीन विद्यार्थ्यांनी पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा शेवटचा प्रकल्प म्हणून ‘आय-नॅचरलिस्ट’ बांधले. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल’ सुरू झाले. भारतात त्याआधीच, २००७ मध्ये, ‘मायग्रंटवॉच’ने हिवाळी पाहुणे पक्षी कधी येतात आणि कधी परततात याच्या नोंदी लोकांकडून मागवायला सुरुवात केली होती. पुढे ‘सीझनवॉच’ने झाडांकडे मोर्चा वळवला : आपल्या जवळचे एक झाड निवडायचे आणि दर आठवड्याला त्याची पालवी, फुले, फळे टिपायची. शाळकरी मुलांनाही जमेल असे हे काम आहे आणि ऋतू सरकत आहेत का, या प्रश्नाच्या मुळाशी जाणारेही.

मुंबईत २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा गट ओहोटीच्या वेळी लोकांना खडकाळ किनाऱ्यांवर घेऊन जातो. गिरगाव, हाजी अली, जुहू अशा नेहमीच्या जागी समुद्रफुले, शंखगोगलगायी, खेकडे, ऑक्टोपस आणि प्रवाळही आढळतात, हे अनेक मुंबईकरांना या भटकंतीतूनच कळले. सागरी किनारा मार्गाचा वाद सुरू असताना या किनाऱ्यावरचे जीवन चर्चेत आले. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतले प्रवाळ वाटेत असल्याने २०२० मध्ये ते हाजी अली आणि वरळीहून हलवावे लागले. ज्या किनाऱ्यावर गटाराच्या पाण्याशिवाय काही नाही असे मानले जात होते, तिथे नागरिकांच्या नोंदींनी एक अख्खी वस्ती दाखवून दिली.

नवे ॲप कशासाठी?

मुंबईच्या या गटाने नोंदींसाठी स्वतःचे ॲप बांधले नाही, आय-नॅचरलिस्टवर प्रकल्प उघडला. नवा नकाशा करू पाहणाऱ्यांनी आधी याचा विचार करावा. तिथे सर्व्हर, छायाचित्रांची साठवण, नावांची यादी आणि ओळख पटवणारे जगभरचे जाणकार आयते मिळतात. नेमके ठरावीक प्रश्नच विचारायचे असतील, म्हणजे विहिरीतल्या पाण्याची पातळी, देवराईतली झाडे किंवा रस्त्यावर मेलेले प्राणी, तर वॉशिंग्टन विद्यापीठात जन्मलेले ‘ओडीके’ हे मुक्त साधन वापरून काही दिवसांत मोबाइलवरचा तक्ता तयार होतो.

मग स्वतःचे ॲप कधी बांधावे? प्रश्न वेगळा असेल तेव्हा, भाषा वेगळी असेल तेव्हा, किंवा नोंदींवरचा ताबा गावाकडेच ठेवायचा असेल तेव्हा. या तिन्हींपैकी एकही कारण नसेल, तर नव्या ॲपमुळे त्याच भागाच्या नोंदी दोन ठिकाणी विभागल्या जातात आणि दोन्ही नकाशे अर्धवट राहतात.

जिथे रेंज नसते

बांधायचे ठरले की सांगाडा ओळखीचा असतो. नोंद भरायचा तक्ता, ती साठवणारा भौगोलिक डेटाबेस, तपासणीची जागा आणि वर नकाशा. यातले बहुतेक भाग फुकट आणि मुक्त मिळतात. नकाशाचा पट ‘ओपनस्ट्रीटमॅप’चा. तो मुळात लोकांनीच रेखलेला आहे. तो पडद्यावर हलवणारे ‘लीफलेट’ युक्रेनच्या वोलोदिमिर अगाफोन्किन यांनी २०११ मध्ये प्रथम प्रसिद्ध केले. डेटाबेससाठी ‘पोस्टजीआयएस’. भारतात फेब्रुवारी २०२१ च्या भूस्थानिक मार्गदर्शक तत्त्वांनंतर नकाशे करण्यावरची बरीच बंधनेही सैल झाली.

अडचणी येतात त्या जमिनीवर. सह्याद्रीच्या घळीत, मेळघाटात किंवा भामरागडच्या जंगलात रेंज नसते. तिथे दर नोंदीला सर्व्हर गाठू पाहणारे ॲप पहिल्याच दिवशी लोक सोडून देतात. नोंद आधी मोबाइलमध्येच साठली पाहिजे, नकाशाचा तेवढा तुकडा घरून उतरवून नेता आला पाहिजे, आणि गावात परतल्यावर रेंज मिळताच सगळे आपोआप वर चढले पाहिजे. वेब ॲपमध्येही ब्राउझरच्या स्वतःच्या साठवणीतून हे करता येते. ही सोय शेवटी जोडू म्हटले तर बरेच काम नव्याने करावे लागते, म्हणून ती पहिल्या दिवसापासून धरावी.

दुसरी अडचण व्हॉट्सॲपची. अनेक गटांत छायाचित्रे आधी तिथे जमतात आणि कुणीतरी एक जण ती ॲपवर चढवतो. व्हॉट्सॲपवरून पाठवलेल्या छायाचित्रातून ठिकाण आणि वेळेची मूळ माहिती गळून पडते. मग गुरुवारी आंबोलीत दिसलेला बेडूक शनिवारी पुण्यात दिसल्याची नोंद होऊ शकते. मूळ छायाचित्रच मागावे. ते नसेल तर ठिकाण हाताने दिले आहे हे नोंदीत स्पष्ट लिहावे.

तिसरी अडचण आकड्यांच्या क्रमाची. लीफलेटला आधी अक्षांश लागतो, तर नकाशांच्या देवाणघेवाणीत रूढ असलेल्या ‘जिओजेसन’ या मांडणीत आधी रेखांश येतो. मुंबई सुमारे १९ अक्षांश, ७३ रेखांशावर आहे. हे दोन आकडे उलटले की मुंबईचा खेकडा नॉर्वेच्या उत्तरेच्या गारठलेल्या समुद्रात जाऊन पडतो. रकाना रिकामा राहिला आणि संगणकाने तो शून्य धरला, तर पश्चिम आफ्रिकेजवळ, गिनीच्या आखातात. अशा चुका निदान डोळ्यांत भरतात. जिल्ह्याच्या सीमेबाहेरची नोंद आली की ॲपने तिथल्या तिथे विचारले, तर त्या जागीच सुधारतात.

न दिसणारी चूक अधिक घातक. मोकळ्या आकाशाखाली मोबाइलचे जीपीएस साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर असते. दाट झाडीत किंवा कड्याच्या पोटाशी ते बरेच भरकटते. जुन्या वहीत नुसते ‘महाबळेश्वर’ लिहिलेले असेल, तर तो ठिपका काही किलोमीटरचा आहे. पडद्यावर मात्र दोन्ही ठिपके सारखेच टोकदार दिसतात. म्हणून जैवविविधतेच्या माहितीसाठी २००९ पासून मान्य झालेल्या ‘डार्विन कोअर’ मानकात अनिश्चितता मीटरमध्ये लिहायला वेगळा रकाना आहे. छोट्या ॲपमध्ये हा रकाना अनेकदा गाळला जातो. तो ठेवावा, आणि नकाशावर ठिपक्याभोवती तेवढे वर्तुळही दाखवावे.

हे काय आहे, हे कोण सांगणार?

ठिकाण आणि वेळ यंत्र सांगते. नाव माणसाला सांगावे लागते. आय-नॅचरलिस्टने २०१७ पासून छायाचित्र पाहून नावे सुचवणारी यंत्रणा आणली. तरी एखादी नोंद ‘संशोधनयोग्य’ ठरते ती तारीख, ठिकाण आणि पुरावा असेल आणि ओळख देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक जणांचे जातीवर एकमत असेल तेव्हाच. ई-बर्डची वाट वेगळी. तिथे प्रत्येक भागासाठी, प्रत्येक महिन्यासाठी कोणता पक्षी किती संख्येने अपेक्षित आहे याची चाळणी असते. तिच्यात न बसणारी नोंद स्थानिक जाणकाराकडे जाते आणि तो अदबीने तपशील विचारतो. हे जाणकार स्वयंसेवक असतात.

पक्षी आणि फुलपाखरांसाठी असे लोक मिळतात. ‘बटरफ्लाइज ऑफ इंडिया’ या संकेतस्थळामागे कृष्णमेघ कुंटे यांच्यासारखे संशोधक आणि देशभरचे फुलपाखरूप्रेमी उभे आहेत. कोळी, शेवाळ, बुरशी, गोगलगायी यांचे तज्ज्ञ मात्र मोजके. हजार नोंदी गोळा करणारे ॲप त्या मोजक्या माणसांपुढे हजार प्रश्न टाकते. त्यामुळे तपासणाऱ्याचा पडदा हा नोंद करणाऱ्याच्या पडद्याइतकाच विचाराने बांधावा लागतो : एका वेळी एकाच कुळाच्या नोंदी दिसाव्यात, तीन कोनांतली छायाचित्रे शेजारी मांडता यावीत, आणि ‘प्रजातीपर्यंतच (genus) सांगता येते’ असे प्रामाणिक उत्तर द्यायची सोय असावी.

नावे स्वतःही बदलतात. रानपिंगळा पूर्वी स्वतंत्र प्रजातीत मोडत असे. आता बहुतेक याद्यांत तो साध्या पिंगळ्याच्या प्रजातीत आला आहे. नोंदीत थेट नाव लिहून टाकले की अशा बदलाच्या वेळी हजारो ओळी दुरुस्त कराव्या लागतात. प्रत्येक जातीला एक क्रमांक आणि नावांची यादी वेगळी, अशी मांडणी केली तर बदल एकाच जागी होतो. त्या यादीत मराठी नावांना पहिली जागा द्यावी, पण काळजीपूर्वक. ‘कुडा’ म्हटले की पांढरा कुडा येतो, काळाही येतो. झाडे वेगळी, औषधी उपयोगही वेगळे. गावागणिक नाव बदलते, आणि तो फरक हीसुद्धा माहितीच. अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांनी जंगलात राहणाऱ्यांकडून पक्ष्यांची, झाडांची नावे आयुष्यभर वेचली. तसे वेचण्याची सोय ॲपमध्ये असू शकते : ‘तुमच्याकडे याला काय म्हणतात?’ एवढा एक रकाना आणि शेजारी गावाचे नाव.

रिकामी जागा आणि न पाहिलेली जागा

ठिपक्यांचा नकाशा वाचताना सगळ्यात मोठी फसगत रिकाम्या जागेची होते. नकाशावर सिंहगडाची पायवाट ठिपक्यांनी भरलेली दिसते आणि पलीकडची दरी कोरी. दरीत काही नाही असा याचा अर्थ नाही. तिथे कुणी गेलेले नाही. लोक रविवारी जातात, रस्त्याकडेने जातात, सुंदर आणि मोठ्या जिवांची छायाचित्रे काढतात. जगभरच्या नोंदी एकत्र करणाऱ्या ‘जीबिफ’च्या भांडारातही निम्म्याहून अधिक नोंदी एकट्या पक्ष्यांच्याच आहेत.

ई-बर्डने यावर साधा उपाय काढला. किती वेळ, किती अंतर चाललात आणि दिसलेले, ऐकलेले सगळे ओळखीचे पक्षी लिहिले का, एवढे विचारायचे. उत्तर ‘हो’ असेल तर यादीत नसलेला पक्षी त्या वेळी तिथे आढळला नाही असे धरता येते. आढळ नसल्याचीही नोंद होते, आणि तिच्यामुळेच आकडेमोड शक्य होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ अहवालासाठी ३०,००० हून अधिक पक्षिनिरीक्षकांच्या तीन कोटींहून अधिक नोंदी वापरल्या गेल्या आणि ९४२ जातींचा आढावा घेतला गेला. १७८ जातींना तातडीच्या संवर्धनाची गरज आहे असे त्यातून पुढे आले. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात तो नीलपंख आपल्या डोळ्यांदेखत घटतो आहे, हेही याच नोंदींनी दाखवले. तो सर्वत्र दिसत असल्याने तो कमी होतोय असे कुणा एकाला सांगता आले नसते. हजारो जणांच्या याद्या शेजारी ठेवल्यावर ते दिसले.

केरळ आणखी पुढे गेले. २०१५ ते २०२० या काळात तिथल्या हजाराहून अधिक स्वयंसेवकांनी राज्याचे चौकोन पाडले, त्यांतून सुमारे ४,००० छोटे चौकोन निवडले आणि पावसाळी व कोरड्या अशा दोन्ही हंगामांत ते पायाखाली घातले. चौकोन पक्ष्यांनी गजबजलेला असो की रबराच्या मळ्यात असो, जायचेच. हाती आल्या ३६१ जातींच्या जवळजवळ तीन लाख नोंदी आणि भारतातल्या राज्यांपैकी पहिला असा पक्षी-ॲटलास. त्यासाठी त्यांनी नवे ॲप बांधले नाही. नोंदी ई-बर्डवरच केल्या. नवीन होती ती शिस्त.

महाराष्ट्रात असे काही करायचे तर सोलापूरचे माळ, विदर्भातली तळी आणि कोकणातले कातळसडे यांना जंगलाइतकेच महत्त्व द्यावे लागेल. कातळसड्यांवर पावसाळ्याचे चार महिने जे जीवन फुलते, त्याच काळात तिकडे नोंदणारे कमी असू शकतात. ॲप इथे मदत करू शकते : न पाहिलेले चौकोन राखाडी, पाहूनही जात न आढळलेले पांढरे, आढळलेले रंगीत. तीन रंगांनी नकाशा वाचणाऱ्याला पुढच्या रविवारी कुठे जायचे तेही कळते.

काय दाखवू नये

२०१७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात डेव्हिड लिंडनमायर आणि बेन शील या शास्त्रज्ञांनी संशोधकांना विनंती केली की दुर्मीळ जातींची नेमकी ठिकाणे छापू नका. शास्त्रीय निबंधात नव्या पालीचे किंवा सरड्याचे ठिकाण वाचून तस्कर तिथे पोहोचल्याची उदाहरणे समोर होती. महाराष्ट्राला हे नवे नाही. मांडूळ सापाभोवतीच्या गुप्तधनाच्या अंधश्रद्धेपायी त्याची तस्करी चालते आणि पोलीस कारवायांच्या बातम्या वारंवार येतात. घुबडे आणि खवले मांजर यांच्याही मागे शिकारी आहेत. अशा जिवांचे बारीक ठिकाण उघडे ठेवणारा नकाशा तस्कराचे काम सोपे करतो.

आय-नॅचरलिस्ट धोक्यातल्या जातींचा ठिपका ०.२ अंशांच्या चौकोनात, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरच्या पट्ट्यात, कुठेतरी दाखवते; नेमके ठिकाण निवडक लोकांनाच दिसते. छोट्या ॲपनेही हे सर्व्हरवरच करायला हवे. नकाशावर धूसर दाखवून नेमके आकडे ब्राउझरला पाठवले, तर जाणकार माणूस ते सहज वाचतो. छायाचित्रातही ठिकाण दडलेले असते. ते चढवतानाच पुसावे लागते. नोंद करणाऱ्याचाही विचार हवा. रोज पहाटे त्याच जागेवरून नोंद करणाऱ्या व्यक्तीचे घर कुठे आहे, हे नकाशा सांगून टाकतो.

नोंद कुणाची?

२००२ च्या जैविक विविधता कायद्याने आणि त्याखालच्या नियमांनी प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही यांची तरतूद केली. या नोंदवहीची कल्पना परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी आधीपासून मांडली, राबवली होती. शास्त्रज्ञाने येऊन यादी करावी असे तिचे रूप नव्हते; गावातला गुराखी, वैदू, मासेमारी करणारी बाई यांचे ज्ञान त्यांच्या शब्दांत उतरवावे, असे होते. अशा नोंदवहीचा नकाशा करायचा तर प्रश्न बदलतो. औषधी वनस्पतीचा ठिपका उघडा ठेवायचा का, हे ग्रामसभेने ठरवायचे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक वनहक्क मिळाला. ज्या जंगलाचे व्यवस्थापन गावाकडे आहे, त्या जंगलाच्या माहितीची किल्लीही गावाकडे असणे सरळ आहे. ‘उघडी’, ‘गावापुरती’ आणि ‘बंद’ असे तीन पर्याय प्रत्येक नोंदीला देणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. मात्र ते सुरुवातीच्या आराखड्यातच हवे.

उघड्या नोंदींनाही परवान्याची अट लिहिलेली असावी. कुणी वापरल्या, कशासाठी वापरल्या, आणि श्रेय कुणाच्या नावे जाणार? मुलांनी वर्षभर टिपलेल्या पालवीचा आलेख शाळेच्या भिंतीवर परत आला, तर पुढच्या वर्षी ती मुले पुन्हा टिपतात. माहिती परत पोहोचवण्याची वाट ही ॲपमधली सर्वांत दुर्लक्षित खोली असते.

निधी संपल्यावर

बहुतेक अशी ॲप्स दोन-तीन वर्षांच्या निधीवर उभी राहतात. निधी संपतो, बांधणारा विद्यार्थी नोकरीला लागतो, संकेतस्थळाचे नाव नव्याने नोंदवायचे राहून जाते आणि हजारो पहाटांची मेहनत अदृश्य होते. मायग्रंटवॉचने वेगळा रस्ता धरला. पक्षिनोंदींसाठी देशात ई-बर्ड रुजल्यावर त्यांनी आपल्या नोंदी तिकडे नेल्या आणि काम थांबवले. एखाद्याने २००७ च्या सप्टेंबरात टिपलेला धोबी आजही मोजणीत आहे. म्हणून पहिल्या दिवशीच डार्विन कोअरच्या रकान्यांत माहिती ठेवावी, दर तीन महिन्यांनी तिची प्रत जीबिफसारख्या भांडारात किंवा निदान जवळच्या विद्यापीठात जावी, आणि ॲप बंद झाले तरी नोंदी कुठे वाचता येतील हे नोंद करणाऱ्यांना सांगून ठेवावे.

शहाद्यानंतर रानपिंगळा तोरणमाळला सापडला, मेळघाटात सापडला आणि २०१४ मध्ये थेट मुंबईला पाणी देणाऱ्या तानसाच्या जंगलातही. मांडवीचा खोटा ठिपका गळाला आणि त्याच्या जागी महाराष्ट्र-मध्य प्रदेशात खरे ठिपके उमटत गेले. या ठिपक्यांच्या मधल्या टापूंत मात्र अजून कोऱ्या जागा दिसतात. तिथे रानपिंगळा नाही, की डिसेंबरच्या सकाळी कान देऊन कुणी तिथे चाललेलेच नाही, हे आजच्या बहुतेक नकाशांवरून कळत नाही. पुढच्या ॲपने आधी हे दोन प्रकारचे कोरेपण वेगवेगळ्या रंगांत दाखवावे.